मेलेले सगळे पेटीत, संशयित मात्र आमच्या खाणीत

ऑनलाइन मागवलेल्या जीवाश्मांच्या पेटीबद्दल हे लिहितेय. विकणाऱ्याचं नाव टाकत नाही, कारण असाच माल निरनिराळ्या नावांनी विकायला दिसतो आणि माझं भांडण मालाशी आहे. किंमत २,४९९ रुपये. काळ्या पुठ्ठ्याची पेटी, आत फोम, फोमात सहा खाचे, प्रत्येक खाच्यात एक नग, नगाखाली एक कार्ड आणि सोबत गुळगुळीत कागदाची पुस्तिका. विषय: पृथ्वीवरचे पाच महाविनाश. झाकणावर पेटलेल्या आभाळाखाली पळणारा टी-रेक्स आहे. आत टी-रेक्सचा केससुद्धा नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लहान मुलांचा हिरमोड होईल.

आमची फलटणकडे दगडखाण आणि खडीक्रशर आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. आता रॉयल्टीचे पास, डिझेलचा हिशेब आणि डंपरवाल्यांशी वाद ही खाती माझ्याकडे. लग्नाआधी पुण्यात फर्ग्युसनला भूशास्त्र घेऊन बीएस्सी केलं होतं. पेटी मागवली ती नववीतल्या चिरंजीवांसाठी. कुरियरवाला आला तेव्हा अण्णा, म्हणजे सासरे, ओट्यावरच बसले होते. पेटीत काय आहे ते कळल्यावर म्हणाले, "सूनबाई, आपल्याकडं काय दगडांचा दुष्काळ पडलाय व्हय?" मी हसण्यावारी नेलं. पण माल तपासत गेले तसतसं लक्षात आलं की म्हातारा मुद्द्याचं बोलला होता.

आधी चांगलं ते सांगते. पाच महाविनाशांची यादी बरोबर आहे. शिकागोच्या डेव्हिड राउप आणि जॅक सेपकोस्की यांनी १९८२ मध्ये समुद्री जीवाश्मांच्या नोंदींचा हिशेब मांडला आणि नेहमीच्या मरण्या-जगण्याच्या पातळीवरून पाच ठिकाणी आकडा एकदम उसळलेला दाखवला, तेव्हापासून हे पाच पक्के झाले. ऑर्डोव्हिशियनच्या शेवटी, सुमारे ४४ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. उत्तर डेव्होनियनमध्ये, ३७ कोटींच्या आसपास. पर्मियनच्या शेवटी, २५ कोटी २० लाख. ट्रायासिकच्या शेवटी, २० कोटी १० लाख. आणि क्रिटेशियसच्या शेवटी, ६ कोटी ६० लाख. तारखा नीट दिल्यात, छपाई सुंदर आहे, कार्डाचा कागदही जाड आहे. चहा सांडला तरी पुसून निघाला.

घोळ कार्डाच्या तळाशी सुरू होतो. तिथे "कारण" असं लिहून एक चिन्ह छापलंय: शेपटीवाला आगीचा गोळा. पाचही महाविनाशांना तेच चिन्ह! म्हणजे या मंडळींच्या मते पृथ्वीवर जेव्हा जेव्हा जीवसृष्टीचा धुव्वा उडाला, तेव्हा तेव्हा वरून दगड पडला. पाचांपैकी उल्कापाताचा भक्कम पुरावा फक्त एकाचा आहे, शेवटच्याचा. उरलेल्या चारांत आरोपी जमिनीखालून आलेत, किंवा थंडीतून, किंवा समुद्रातला प्राणवायू संपल्यामुळे. पुस्तिकेत आणखी एक पान असं आहे की दर २ कोटी ६० लाख वर्षांनी महाविनाश येतोच. ही कल्पना राउप आणि सेपकोस्की यांनीच १९८४ मध्ये मांडली होती, त्यावरून सूर्याला एक अदृश्य जोडीदार तारा आहे इथपर्यंत मजल गेली, पण तो तारा आजवर सापडलेला नाही आणि वेळापत्रकही बहुतेकांनी मानलेलं नाही. इथे ते पंचांगासारखं छापून टाकलंय.

आता नग.

पहिल्या खाच्यात ब्रॅकिओपॉड, शिंपल्यासारखा दिसणारा, करड्या रंगाचा, नखाएवढा. खरा आहे. ऑर्डोव्हिशियनचं कार्ड त्याच्याखाली आहे आणि तिथे आगीचा गोळा सगळ्यात विनोदी वाटतो, कारण हा संहार बर्फाने झाला असंच बहुतेक पुरावे सांगतात. त्या काळी दक्षिण ध्रुव आजच्या सहाराच्या बाजूला होता आणि तिथे हिमनद्या पसरल्या. इतकं पाणी बर्फात अडकलं की समुद्राची पातळी खाली गेली, उथळ समुद्र आटले, आणि त्या काळी जवळजवळ सगळं जीवन उथळ समुद्रातच होतं. समुद्री प्रजातींपैकी सुमारे ८५ टक्के गेल्या असा अंदाज आहे. बर्फ वितळताना दुसरा तडाखा बसला. या दगडाबद्दल तक्रार नाही.

दुसरा नग शिंगासारखा वाकडा प्रवाळ, रुगोसा गटातला. हाही खरा. वरच्या तोंडाला आतल्या पडद्यांच्या रेषा भिंगाशिवाय दिसतात, मला हा फार आवडला. कार्डावर मात्र "डेव्होनियन महाविनाशात नामशेष" असं लिहिलंय, जे चूक आहे. डेव्होनियनमध्ये प्रवाळांची मोठमोठी बेटं उद्ध्वस्त झाली हे खरं, पण रुगोसा गट पुढे पर्मियनच्या शेवटापर्यंत टिकला. डेव्होनियनचा प्रकार मुळात एका फटक्याचा नाहीच. काही लाख नव्हे, काही कोटी वर्षं रडतखडत चाललेली ती गोष्ट आहे, मध्ये दोन मोठे खड्डे, एक ३७ कोटी २० लाखांच्या सुमारास, दुसरा ३५ कोटी ९० लाखांच्या. समुद्राच्या तळाशी प्राणवायू नसल्याच्या खुणा म्हणजे काळ्या शेलचे (गाळ दाबून झालेल्या खडकाचे) थर ठिकठिकाणी आहेत. कारणांपैकी एक मला नेहमीच गमतीशीर वाटत आलंय: झाडं. जमिनीवर पहिली मोठी जंगलं याच काळात वाढली, मुळांनी खडक फोडून माती केली, त्यातली खतं नद्यांतून समुद्रात गेली, शेवाळ माजलं, कुजलं, आणि पाण्यातला प्राणवायू संपला. उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं झालेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सायबेरियातल्या विल्युई भागातल्या लाव्हावरही संशय आहे. पुस्तिकेत यातलं काही नाही. आगीचा गोळा.

तिसरा खाचा म्हणजे पेटीचा हिरो, ट्रायलोबाइट, समुद्रातला कड्याकड्यांच्या पाठीचा नामशेष प्राणी. जाहिरातीतला मोठा फोटो याचाच. आणि इथेच फसवणूक.

दिसायला झकास. काळा, दोन इंची, डोळे फुगीर, पाठीवरच्या कड्या एकसारख्या, खाली करड्या दगडाची बैठक. चिरंजीवांनी माझं जुनं दहापटीचं भिंग काढलं आणि पाचच मिनिटांत हाक आली, "आई, याच्या गालावर भोक आहे, एकदम गोल." बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढं भोक, कडा गुळगुळीत. थोडं पुढे आणखी दोन. दगडात अशी गोल भोकं असतात, आमच्या मांजऱ्या दगडात तर बोट जाईल एवढी असतात, पण तो लाव्हा आहे, त्यात वाफ अडकते. समुद्राच्या तळाशी चुनखडीत गाडल्या गेलेल्या किड्याच्या गालावर हवेचा बुडबुडा कुठून येणार? बुडबुडा येतो तो साच्यात रेझिन ओतताना. सुई गॅसवर तापवून पोटाकडच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी टेकवली, तर प्लास्टिक जळल्याचा वास घरभर. बैठकीचा दगड खरा आहे, त्यावर बसवलेला प्राणी ओतीव. कडेला दोघांच्या सांध्यावर दगडाची पूड आणि डिंक लावून सांधा बुजवलाय. काम सफाईचं आहे, हे मान्य केलं पाहिजे.

मोरोक्कोतून येणाऱ्या ट्रायलोबाइटांत हा प्रकार सर्रास चालतो. तिथे खरे ट्रायलोबाइटही पुष्कळ निघतात, पण ते दगडातून सोडवायला तासन्‌तास लागतात, त्यामुळे स्वस्तात मिळणारा, एकही कडी न तुटलेला नग दिसला की आधी शंका घ्यावी.

बरं, नकली तर नकली, निदान योग्य प्राण्याची नक्कल करावी. हा ओतलाय फॅकॉप्सच्या धर्तीवर; ते फुगीर, जाळीदार डोळे ओळखू येतात. खऱ्या फॅकॉप्सचे डोळे कॅल्साइटच्या भिंगांचे असत, म्हणजे हा प्राणी अक्षरशः दगडातून बघायचा. पण हा गट डेव्होनियनच्या शेवटीच संपला. कार्ड मात्र पर्मियनच्या महाविनाशाचं. तो व्हायच्या दहा कोटी वर्षं आधीच हे साहेब गेले होते. पर्मियनच्या शेवटापर्यंत ट्रायलोबाइटांचा एकच गण तग धरून होता, प्रोएटिडा, आणि ते दिसायला साधे, लहान, फोटोत न उठून दिसणारे. विक्रीसाठी देखणा लागतो, म्हणून गुन्हा एकाचा आणि प्रेत दुसऱ्याचं.

याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण पाचांत सगळ्यात मोठा संहार हाच आणि त्याची कथा दगडाच्या धंद्यातल्या माणसाला लगेच समजते. सायबेरियात लाखो चौरस किलोमीटरवर बेसाल्टचा लाव्हा पसरला. आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थराचाच भाऊबंद, आकाराने कितीतरी मोठा. पण नुसता लाव्हा पसरल्याने एवढी माणसं, चुकले, एवढे जीव मरत नाहीत. तो वर येताना कशातून आला याला महत्त्व आहे. तिथे खाली कोळशाचे, मिठाचे, जिप्समचे जाड थर होते. वितळलेला खडक त्या थरांमध्ये आडवा घुसला आणि त्याने ते भट्टीत घातल्यासारखे भाजून काढले. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, गंधकाचे आणि क्लोरिनचे वायू बाहेर पडले. विषुववृत्ताकडच्या समुद्राचं पाणी ८ ते १० अंशांनी तापलं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, वर कार्बन डायऑक्साइडने पाणी आंबट झालं, आणि कवचं बांधणाऱ्यांची दोन्हीकडून कोंडी झाली. चीनमध्ये मैशान इथे चुनखडीच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे आहेत. त्यातल्या झिर्कॉन या खनिजाच्या कणांचं वय मोजून २०१४ मध्ये काढलेला हिशेब सांगतो की मुख्य संहार साधारण ६० हजार वर्षांत उरकला. भूशास्त्रात हा क्षण म्हणायचा. त्यानंतर जवळजवळ एक कोटी वर्षं जगात कुठेही कोळसा तयार झालेला दिसत नाही, कारण कोळसा व्हायला दलदलीतली जंगलं लागतात आणि ती उरलीच नव्हती.

हाच थर भारतातही आहे, श्रीनगरजवळ खुनमोह इथल्या गुरयुल नाळेत. जगातल्या चांगल्या जागांपैकी एक. मैशानला २००१ मध्ये या सीमेच्या अधिकृत मापदंडाचा मान मिळाला, त्याआधी गुरयुलचंही नाव स्पर्धेत होतं. आता तिथे आजूबाजूच्या दगडखाणींचा धोका आहे अशी भूशास्त्रज्ञांची तक्रार असते. खाणवालीने यावर काय बोलावं! भारतात विकायला ठेवलेल्या पेटीच्या पुस्तिकेत त्या नाळेवर दोन ओळी तरी हव्या होत्या.

ट्रायलोबाइटबद्दल विक्रेत्याला बुडबुड्याच्या फोटोसह कळवलं. उत्तर आलं, "नैसर्गिक वस्तूंमध्ये थोडाफार फरक असतो." फोटो परत पाठवला. मग पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं. पुढची खरेदी कोण करणार आहे?

चौथा नग, ट्रायासिकसाठी, मादागास्करच्या दगड झालेल्या लाकडाचा गुळगुळीत तुकडा. सुंदर आहे, तांबूस, पेपरवेट म्हणून उत्तम. महाविनाशाशी त्याचा संबंध लावायला फार ओढाताण करावी लागते. कोनोडॉन्टचे सूक्ष्म दात दिले असते तर ते खरोखर त्या संहारात संपलेल्या प्राण्याचे झाले असते, पण ते वाळूच्या कणाएवढे, पेटीत कोण बघणार. थोडक्यात सांगायचं तर अटलांटिक महासागर उघडताना जो लाव्हा आला त्याने हा संहार केला असं आज मानलं जातं. त्याचे अवशेष अमेरिकेत, ब्राझीलमध्ये, मोरोक्कोत वाटले गेलेत. न्यूयॉर्कसमोर हडसन नदीच्या काठावर उभा असलेला पॅलिसेड्सचा कडा त्यातलाच. त्यात प्रतिस्पर्धी मेले आणि डायनासोरांना रान मोकळं मिळालं.

पाचवा नग अमोनाइट, चक्राकार शंखात राहणारा समुद्री प्राणी, आणि याच्यासाठी मी निम्मे पैसे द्यायला तयार आहे. मादागास्करचाच, मधोमध कापून पॉलिश केलेला, साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचा. आतले कप्पे मध्याकडे लहान लहान होत गेलेत आणि प्रत्येकात कॅल्साइटचे मधाच्या रंगाचे स्फटिक भरलेत. शेवटचा मोठा कप्पा मातीने भरलाय. प्राणी तिथे राहायचा, मागचे कप्पे तरंगण्यासाठी. आमच्या देवघरात सासूबाईंच्या माहेरून आलेला शाळिग्राम आहे. तो काळी गंडकीच्या पात्रातून आलेला, त्याच्यावरचं चक्र म्हणजे अमोनाइटचाच ठसा, याच्यापेक्षा जुन्या काळातला. मुलाने दोन्ही शेजारी धरून पाहिले. सासूबाईंनी आधी हात धुवायला लावले.

पेटीच्या विषयाला अमोनाइट इतका चपखल नग दुसरा नाही, आणि तेच पुस्तिकेला कळलेलं नाही. डेव्होनियनमध्ये सुरू झालेलं हे घराणं. त्या काळचा तडाखा सोसला, पर्मियनमध्ये मोजक्या फांद्या उरल्या आणि त्यातून परत फोफावलं, ट्रायासिकच्या शेवटी तर जवळजवळ संपलंच होतं, तरी ज्युरासिकमध्ये समुद्र भरून टाकला. आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मात्र गेलं ते गेलंच. त्याचा चुलत भाऊ नॉटिलस आजही जिवंत आहे. असं का, याचं एक पटण्यासारखं उत्तर दिलं जातं: अमोनाइटची पिल्लं अगदी बारीक, समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारी, तिथल्याच सूक्ष्म अन्नावर जगणारी. नॉटिलसची अंडी मोठी, बलकाची शिदोरी बरोबर, मुक्काम खोल पाण्यात. वर अंधार झाला आणि तरंगणारं शेवाळ मेलं, तेव्हा शिदोरीवाले तरले.

अंधार कशाने झाला, हे पुस्तिकेत बरं दिलंय, कारण तिच्या आवडीचा आगीचा गोळा इथे एकदाचा बरोबर जागी पडतो. इटलीत गुब्बिओजवळ चुनखडीच्या दोन थरांमध्ये जेमतेम सेंटिमीटरभर मातीची रेघ आहे. वॉल्टर अल्वारेझ यांनी ती घरी वडिलांना दाखवली. वडील लुईस अल्वारेझ, १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेलवाले. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी तपासणी केली तर त्या रेघेत इरिडियम हा धातू नेहमीच्या ३० पट, डेन्मार्कच्या नमुन्यात १६० पट. इरिडियम पृथ्वीच्या कवचात नावालाच सापडतं, उल्कांमध्ये भरपूर. १९८० मध्ये चौघांनी निबंध छापला. उल्केने पाडलेलं विवर मात्र तोवर तेल कंपनीच्या कागदांत पडून होतं: मेक्सिकोच्या पेमेक्ससाठी काम करणाऱ्या ग्लेन पेनफिल्ड आणि अँतोनियो कामार्गो यांना युकातानच्या किनाऱ्याखाली अर्धवर्तुळ दिसलं होतं, १९८१ मध्ये त्यांनी ते सांगितलंही, पण दोन्ही गोष्टींची सांगड बसायला १९९१ उजाडलं. विवराचं नाव चिक्शुलूब, व्यास सुमारे १८० किलोमीटर. उल्का पडली ती जागाही वाईट, खाली गंधकयुक्त खडक. ती वाफ वर गेली, सूर्य झाकला, अन्नसाखळी तळापासून तुटली. (लोणारचं विवर याच उल्केचं का, असं मला मुलाच्या दोन मित्रांनी विचारलं. नाही. लोणार पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि आपल्या बेसाल्टवर पडलंय, म्हणजे बेसाल्टच्या कितीतरी नंतरचं.)

सहावा नग शार्कचा दात, "भेट" म्हणून. जाड, त्रिकोणी, बाजूला दोन छोटी टोकं: ओटोडस, मोरोक्कोच्या खुरिब्गा भागातल्या फॉस्फेटच्या खाणींतला. खरा. पण कार्ड म्हणतं, डायनासोरांबरोबर संपलेला शार्क. ओटोडस त्या संहारानंतरचा आहे! मेलेल्यांच्या यादीत यांनी वारसदाराचं नाव घातलंय.

आता माझी मुख्य तक्रार. पाच महाविनाशांची पेटी, सहा नग, आणि त्यात बेसाल्टचा एक खडा नाही. पर्मियन, ट्रायासिक, क्रिटेशियस, तिन्ही ठिकाणी घटनास्थळी बेसाल्टचे प्रचंड थर हजर आहेत आणि पेटीत फक्त प्रेतं ठेवलीत. दख्खनच्या लाव्हाला पुस्तिकेत अर्धं पान, तेही नकाशासकट; नकाशात लाव्हाचा लाल डाग बंगळूरच्या खाली! अहो, पाच लाख चौरस किलोमीटरचा ऐवज आहे, घाटमाथ्याला दोन किलोमीटरहून जाड, त्याच्या काही जिभा हजार किलोमीटर वाहत आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत गेल्यात. आणि त्याच्या थरांची शास्त्रीय नावं वाचा: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरचे लोक ही नावं निबंधांत लिहितात. आमच्या एस.टी. स्टँडवरची पाटी आहे ती.

ज्याच्यावर डायनासोर मारल्याचा संशय आहे तो दगड मी ब्रासच्या भावाने विकते. वीस एमएम, चाळीस एमएम, कच, डबर, हवा तसा. त्यामुळे हा खटला मी जरा जवळून पाहत आलेय. २०१९ च्या फेब्रुवारीत एकाच नियतकालिकात, एकाच अंकात दोन निबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाने लाव्हाच्या थरांमधल्या राखेतले झिर्कॉन मोजले आणि सांगितलं की लाव्हा चार मोठ्या उसळ्यांत आला, त्यातली एक उल्का पडायच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाली. बर्कलेच्या गटाने खुद्द बेसाल्ट मोजला आणि सांगितलं की तो बऱ्यापैकी सलग आला आणि तीन चतुर्थांश भाग उल्केच्या नंतरचा आहे. म्हणजे एकाच्या मते आरोपी आधीपासून दारात उभा होता, दुसऱ्याच्या मते तो मुख्यतः नंतर आला. दोघांचं एका गोष्टीवर एकमत: सगळा कारभार दहा लाख वर्षांच्या आत आटोपला.

ती राख कुठे सापडते माहितीय? बऱ्याचदा लाल गेरूच्या पट्ट्यात. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती झाली, राख बसली, मग पुढच्या लाव्हाने ते भाजून लाल केलं. आमच्या खाणीत दुसऱ्या बेंचच्या, म्हणजे पायरीच्या, पायथ्याशी हातभर जाडीचा असा पट्टा आहे. वर काळा कठीण पत्थर, खाली मांजऱ्या, मध्ये ही लाली. बोटाने चुरा होतो, पावसात फुगतो, खडीत मिसळला तर इंजिनिअर गाडी परत पाठवतो. पोकलेनवाला त्याला शिव्या घालतो. मी मुलाला तिथे नेऊन उभं केलं, तळवा पट्ट्यावर ठेवायला सांगितलं आणि म्हटलं, याच्या खालचा लाव्हा आणि वरचा लाव्हा यांच्यामध्ये जो वेळ गेला तो हा. असे पट्टे घाटात रस्त्याच्या कडेलाही दिसतात, फुकट. उसंत होती, माती होत होती, तळी साचत होती. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडलेत ते एकोणिसाव्या शतकातच. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा डायनासोरांच्या काळात गवत होतं हे जगाला पहिल्यांदा नीट कळलं. या पेटीत तो शेणाचा खडा असता तर मी पाच तारे दिले असते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मुख्य घाव उल्केचाच. समुद्रातल्या गाळाच्या नोंदींत दिसतं की दख्खनच्या वायूंनी हवामान काही अंशांनी तापलं होतं, पण उल्का पडण्याआधी ते बरंचसं परत खाली आलं होतं. आणि मरणाची रेघ इरिडियमच्या रेघेवरच येते. गेर्टा केलर यांच्यासारखे अभ्यासक गेली कित्येक वर्षं दख्खनलाच धरून आहेत आणि त्यांचे मुद्देही सोडून देण्यासारखे नाहीत. घरच्या दगडाची बाजू घ्यायचा मोह मला होतो, नाही असं नाही. पण पर्मियनच्या खटल्यात बेसाल्ट सरळ सरळ दोषी, ट्रायासिकमध्ये जवळपास तसाच, क्रिटेशियसमध्ये फार तर साथीदार. हा फरक मुलांना समजावणं हीच तर अशा पेटीची खरी मजा असायला हवी होती. त्याऐवजी सगळीकडे एकच शिक्का मारून मोकळे.

शेवटचं पान "सहावा महाविनाश आणि आपण" असं आहे, खाली झाडं लावा, प्लास्टिक टाळा. प्लास्टिकचा ट्रायलोबाइट विकून वर हा सल्ला! तो विषय गंभीर आहे, कार्बन डायऑक्साइड वेगाने वाढला की समुद्राचं काय होतं हे सायबेरियाच्या गोष्टीतून आठवीतल्या मुलालाही कळलं असतं. पण ती गोष्टच सांगितली नाही तर सल्ला कशाला चिकटणार?

पाचपैकी अडीच तारे. अमोनाइट, शिंगाचा प्रवाळ आणि शार्कचा दात यांचे. पुस्तिकेत तारखांचं पान ठेवा, बाकीचं मुलाला चुका शोधायला द्या. आमच्याकडे त्यात रविवार चांगला गेला. पेटी घेण्यापेक्षा कापलेला अमोनाइट आणि एखादा प्रवाळ सुटा घेतलात तर कमी पैशात काम होईल. ट्रायलोबाइट घ्यायचाच असेल तर तुटका, अर्धा, कड्या गायब झालेला मागा, दहापटीचं भिंग आधी विकत घ्या, आणि विकणाऱ्याला नगाच्या कडेचा, जिथे प्राणी दगडाला चिकटतो तिथला, जवळून काढलेला फोटो पाठवायला सांगा. टाळाटाळ केली तर सोडून द्या. बेसाल्ट, मांजऱ्या आणि गेरूचा पट्टा यांचे तीन खडे आम्ही ट्रायलोबाइटच्या खाच्यात बसवलेत, फोम थोडा कापावा लागला. फलटणकडे येणार असाल तर क्रशरवर या, खडे देईन. त्याचे पैसे नाहीत. खडी मात्र रोखीनेच.